वरच्या गोदामातली हाक

ओनी हार्जूचा या जगात एकाच जागेवर पूर्ण विश्वास होता, आणि ती जागा म्हणजे घरामागची साउना, वाफेच्या आंघोळीची खोली. आजोबांनी अमेरिकेत पाय ठेवल्यावर घराच्याही आधी ती लाकडी खोली बांधली होती. ओनीचा बाप तिथे जन्मला होता, आजीला शेवटची आंघोळ तिथेच घातली होती. एका हिवाळ्यात जुनं घर जळून खाक झालं तेव्हाही साउनाला धग लागली नव्हती. त्यामुळे हार्जूंच्या घरात जपून ठेवायची वस्तू म्हटली की ती साउनात जायची. जमिनीची कागदपत्रं एका पत्र्याच्या डब्यात तिथल्याच फळीवर होती आणि डब्याला हात लावायची परवानगी फक्त ओनीला होती.

म्हणूनच त्याची बायको सायमी जेव्हा म्हणाली, की माझ्या लॅपटॉपमधल्या सगळ्याची आणखी एक प्रत कुठेतरी असायला हवी, तेव्हा ओनी दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन एक बाहेरून जोडायची डिस्क घेऊन आला. सगळं तिच्यात उतरवलं, डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि नेऊन त्या डब्यात ठेवली. महिन्यातून एकदा ती बाहेर यायची, नवीन काही असेल ते तिच्यात भरलं जायचं आणि ती पुन्हा डब्यात जायची.

"आता आभाळ कोसळलं तरी काही होत नाही," तो म्हणाला.

"आभाळाचं सोड. शनिवारी तिथे आपण शेगडी पेटवतो, त्याचं काय?"

"डबा कपडे बदलायच्या खोलीत आहे, शेगडीजवळ नाही. आणि माझ्या आजोबांच्या कागदांना शंभर वर्षांत काही झालं नाही."

"कागद आणि यंत्र एक आहे का?"

ओनीने उत्तर दिलं नाही. आमच्याकडे, मिशिगनच्या या वरच्या टोकाला, पुरुषाने उत्तर दिलं नाही की विषय संपला असं पुरुष समजतात. बायका तसं समजत नाहीत, पण त्याही गप्प बसतात आणि पुढची तयारी करतात.

आता सायमीच्या लॅपटॉपमध्ये एवढं होतं तरी काय? गाईंना मारायच्या हाका.

हसू नका. इथले फिनिश लोक तांब्याच्या खाणीत कामाला आले आणि खाणी बसल्यावर जंगल तोडून शेती करायला लागले. घराघरात चार-सहा गाई असायच्या, दिवसभर झाडीत चरायच्या. संध्याकाळी घरची बाई कुंपणाशी उभी राहून हाक मारायची. प्रत्येक घरची हाक वेगळी. शेजारणीने कितीही घसा फोडला तरी दुसऱ्याची गाय मान वर करायची नाही. पुढे दुधाचा धंदा मोठ्यांच्या हातात गेला, गोठ्यांत बर्फावर चालायच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि हाका बंद पडल्या.

सायमीने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. निवृत्त झाली त्याच वर्षी एका म्हातारीच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता कुणीतरी विचारलं, "बाई गाईंना कशी हाक मारायची गं?" म्हातारीच्या तीन मुली होत्या. तिघींनी तीन वेगळ्या हाका मारून दाखवल्या आणि मग तिघी एकमेकींशी भांडल्या. सायमी घरी आली ती चिडूनच. अजून गावात ज्या जिवंत आहेत त्यांच्याकडून तरी खरं काय ते घेऊन ठेवायचं, असं तिने ठरवलं आणि आवाज टिपायचं छोटं यंत्र घेतलं. त्यानंतर नऊ हिवाळे ती घरोघरी फिरली. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या वृद्धाश्रमातल्या पलंगाशी. बायका आधी लाजायच्या, मग वेलदोड्याचा गोड पाव, निसू, पुढे करायच्या, मग सासूची निंदा करायच्या आणि सगळ्यात शेवटी हाक मारायच्या. काही जणी हाक मारून झाल्यावर रडायच्या. त्या साऱ्या हाका सायमीच्या लॅपटॉपात होत्या आणि त्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक आता कबरस्तानात होत्या.

त्यामुळे साउनातल्या डब्यावर भिस्त ठेवून तिला झोप येणं शक्य नव्हतं.

तिच्या भाचीने फोनवर सांगितलं, "मावशी, क्लाउडमध्ये ठेव. दरवर्षी थोडं भाडं पडतं, पण घर बुडालं, जळलं, चोरी झाली, तरी तुझं सामान तिथे सुरक्षित राहतं."

सायमीने हे जेवताना ओनीच्या कानावर घातलं. ओनी पास्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होता. त्याने काटा खाली ठेवला.

"म्हणजे आपलं सामान भलत्याच्या कॉम्प्युटरवर?"

"हो."

"तो कुठाय, माहीत नाही?"

"नाही."

"आणि वर आपणच त्याला भाडं द्यायचं?"

"हो."

"असलं गोदाम चालवणारा माणूस मला भेटला पाहिजे. त्याला आपली जुनी गाडी विकतो."

यावर तो स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. सायमी म्हणाली, "बरं, राहू दे." राहू दे म्हणजे तुला सांगणं राहू दे, करणं नव्हे, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही ओनीला कळलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिने भाडं भरलं.

अडचण निघाली ती वेगळीच. त्यांच्या घरी इंटरनेट होतं, पण नावालाच. एखादा फोटो पाठवायचा तर तो जाईपर्यंत कॉफी होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचे. तासन्‌तासांचे आवाज त्या तारेतून वर जाणार कसे? गावात जोरकस वायफाय एकाच ठिकाणी होतं, वाचनालयात. वाचनालय बंद झालं तरी ते चालू असायचं आणि बाहेर गाड्या लावायच्या जागेत नेहमी दोन-तीन पिकअप उभ्या दिसायच्या. आत माणसं काचा वर करून कर भरत, मुलं गृहपाठ पाठवत, आणि एक लाकूडतोड्या तर नियमाने रशियन बाईशी बुद्धिबळ खेळत असे.

वाचनालयाच्या भिंतीला लागूनच चर्च होतं आणि दर गुरुवारी संध्याकाळी सायमीची चर्चमध्ये गाण्याची तालीम असे. मग काय! लॅपटॉप घोंगडीत गुंडाळायचा, थंडीने त्याचा जीव जाऊ नये म्हणून शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवायची, गाडी वाचनालयाच्या भिंतीला अगदी चिकटवून लावायची, अपलोड सुरू करायचं आणि तालमीला जायचं. आत सायमी देवाची स्तुती गाणार, बाहेर घोंगडीखाली एकेक म्हातारी वर जाणार. तालीम दीड तासाची. तेवढ्यात जेवढं जाईल तेवढं जाईल, उरलेलं पुढच्या गुरुवारी.

दोन हिवाळे असे गेले. ओनी म्हणायचा, "तुझ्या आवाजात काही फरक पडत नाहीये, पण जातेस मात्र नेमाने."

"देवाला चालतो," सायमी म्हणायची.

फक्त एक हाक राहिली होती, आणि तीच सगळ्यात मोलाची होती. हिल्मा निएमेलाची. वय सत्त्याण्णव, गावात सगळे तिला मुम्मू म्हणत, म्हणजे आजी. पंचक्रोशीत दुधाच्या गाई आता फक्त तिचा मुलगा आर्वो याच्याकडे होत्या, आणि तोही त्यांना आईच्याच हाकेने बोलवायचा. सायमीने नऊ वर्षं तिचे उंबरठे झिजवले. मुम्मूचं उत्तर ठरलेलं.

"हाक गाईंसाठी असते. तुझ्या यंत्राला दूध येतं का?"

"नाही, मुम्मू."

"मग त्याला कशाला हाक मारू?"

त्या फेब्रुवारीत मात्र तिने स्वतःच फोन केला. "ये. यंत्र आण. लोणी पण आण, आर्वो आणतो ते लोणी नसतं." सायमी गेली. मुम्मू दोन तास बोलली. तिने गावातल्या चार पिढ्यांची उणीदुणी काढली, दोन पाद्र्यांची बिनपाण्याने केली, आर्वोने लग्न का केलं नाही याची कारणं मोजली. शेवटी उठली, भर थंडीत स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हाक मारली. गोठ्यातून गाई हंबरल्या. मुम्मूने खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "झालं. आता जा, मला झोपायचंय."

मार्चमध्ये ती गेली. त्या दिवसापासून आर्वोने हाक मारणं बंद केलं. संध्याकाळी तो फाटकाशी पिकअप उभी करून हॉर्न वाजवायचा. गाई यायच्या, पण रेंगाळत, एकेक करून. दफनानंतर तो सायमीजवळ येऊन एवढंच म्हणाला होता, "माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाही. तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे. युहानसला लावू, सगळ्यांसमोर."

युहानस म्हणजे जूनमधला आमचा मोठा सण. सरोवराच्या काठी होळी पेटवतात, आणि यंदा गावच्या सभागृहाला शंभर वर्षं होत होती. सभागृहाच्या मैदानात कर्णे लावून सगळ्या हाका ऐकवायच्या असं ठरलं होतं. मिनेसोटा, ओरेगन, कुठून कुठून माणसं येणार होती.

आणि मे महिन्यात पाणी आलं.

बर्फ एकदम वितळलं, त्यात पाऊस, त्यात वीज गेली. वीज गेली म्हणजे तळघरातलं पाणी उपसणारा पंप थांबला. हार्जू दांपत्य तेव्हा सरोवरापलीकडे नातीच्या पदवीदानाला गेलं होतं. परत येऊन पाहतात तर तळघरात मांडीइतकं पाणी. वर फ्रिजच्या घरघरीत हाका नीट ऐकू येत नाहीत म्हणून ओनीनेच सायमीला तळघरात एक शांत कोपरा करून दिला होता. तिथल्या तिवईवरचा लॅपटॉप आता पायरीशी पालथा पडला होता आणि आवाज टिपायचं यंत्र कुठे गेलं त्याचा पत्ताच नव्हता.

सायमी तशीच पाण्यात उतरली आणि लॅपटॉप छातीशी धरून वर आली.

आर्वो ट्रॅक्टरला मोठा पंप जोडून मदतीला आला. पाणी उपसून झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला, टेबलावर निथळत ठेवलेला लॅपटॉप त्याने पाहिला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"आई त्याच्यात होती?"

"होती," सायमी म्हणाली.

ओनी मात्र ताठ उभा राहिला. त्याचा क्षण आला होता. "कुणी घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला, "मी काय झोपलो होतो का?" आणि तो चिखल तुडवत साउनाकडे निघाला. जाताना चक्क शीळ घालत होता. परत आला तो टॉवेलातली डिस्क दोन्ही हातांवर धरून, पाद्री बाप्तिस्म्याला बाळ धरतो तशी. वीज एव्हाना परत आली होती; आर्वोने घरून आपला जुना कॉम्प्युटर आणला आणि ती त्याला जोडली.

टक. टक. टक. डिस्कमधून नुसता आवाज येत राहिला, बाकी काही नाही.

ओनीने वायर काढून पुन्हा लावली. टक. टक. टक. डिस्कच्या कडेला बारीक गंज दिसत होता. आठवड्याला एक वाफ, वर्षाला पन्नास वाफा. माणसाला त्याने बरं वाटतं, यंत्राला कुठून वाटणार? भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

"कागदांना काही झालं नाही," ओनी हळूच म्हणाला.

आर्वोने टोपी डोक्यावर घातली. "राहू दे. आवाज काय, राहत नाहीच कुणाचा," असं म्हणून तो निघून गेला. ओनी टेबलाशी बसला. त्याचे खांदे पडले होते. एवढा मोठा माणूस, पण डोळे पुसायला त्याने तोच टॉवेल घेतला.

सायमीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतकी माया दाटून आली की तिलाच नवल वाटलं. तरी थोडी गंमत करायचा मोह तिला आवरला नाही.

"ओनी, मला तालमीला कोण कोण ऐकतं माहितीये?"

"देव," तो टॉवेलातून म्हणाला.

"आणि वरचा गोदामवाला."

ओनीने टॉवेल खाली घेतला. मग तिने सगळं सांगितलं. घोंगडी, गरम पाण्याची पिशवी, भाडं, सगळं. ओनी ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग संशय, मग लाज, आणि शेवटी काहीतरी असं आलं जे सायमीने त्यांच्या लग्नाच्या दिवसानंतर पाहिलंच नव्हतं.

"दोन वर्षं माझ्याशी खोटं बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"देवाचे आभार," ओनी म्हणाला आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला.

पण वाचनालयाकडे जाताना सायमीच्या तोंडचं पाणी पळालं. इतर सगळ्या वर गेल्या होत्या, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मुम्मूचं काय? मुम्मू दोन तास बोलली होती. फाइल इतकी मोठी, की दीड तासाच्या तालमीत ती पूर्ण जाणंच शक्य नव्हतं. तिने ती एका गुरुवारी लावली होती. पुढच्या गुरुवारी वादळाने रस्ते बंद. त्यानंतर तालीम घेणाऱ्या विनी ट्रेलोरबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तालमीच थांबल्या. तालीम नाही म्हणून सायमी गेली नाही. एक चक्कर मारली असती तर काय बिघडलं असतं! पण ओनीला सांगायला निमित्त नव्हतं, आणि मुम्मू तर तिथे लॅपटॉपात होतीच, साउनातही होती. आळस नडला, हे तिला आता कळत होतं.

वाचनालयातल्या कोलेटने आपली खुर्ची रिकामी करून दिली. तिला सायमीची गाडी दर गुरुवारी भिंतीला चिकटलेली दिसायची. "मला वाटायचं तुम्हाला मागे गाडी घेता येत नाही," ती म्हणाली.

"तेही खरंच आहे," ओनी म्हणाला.

सायमीने पासवर्ड घातला. चुकला. पुन्हा घातला. पडद्यावर निळी पट्टी सरकली आणि मग एकेक नाव उतरू लागलं. लेम्पी, सान्नी, दोघी एल्मा, गिरणीवाल्याची फॅनी, तिची जाऊ. सायमी प्रत्येक नावाला मान हलवत होती, जणू त्या दारातून आत येत होत्या. यादी तारखेने होती. यंदाचा जानेवारी संपला. फेब्रुवारी आला. पट्टी थांबली.

"एवढंच?" ओनीने विचारलं.

"अर्धवट राहिलेली फाइल इथे दिसत नाही," कोलेट म्हणाली. "पूर्ण गेली असेल तरच येते. थांबा, यादी अजून उघडतेय."

आणि खाली शेवटचं एक नाव उमटलं. हिल्मा.

"शक्य नाही," सायमी पुटपुटली. "दीड तासात शक्यच नाही." आणि मग तिला तो गुरुवार आठवला. त्या दिवशी विनीबाईंचा पारा चढला होता. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा घसरत होत्या. विनीबाईंनी काठी आपटली, दाराला कडी लावली आणि म्हणाल्या, "ही ओळ सरळ आल्याशिवाय इथून कुणी घरी जाणार नाही." त्या दिवशी सगळ्यांची जेवणं चुकली, आणि घरी पळायच्या घाईत सायमीने घोंगडीखाली डोकावूनही पाहिलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त घसरत होती ती सायमी हार्जू.

तिने इअरफोन कानांत घातले आणि आवाजाची पट्टी शेवटापर्यंत ओढली. खिडकीची कडी वाजली. थंड हवा आत आली, तिचाही आवाज होता. मग मुम्मूने श्वास घेतला.

सायमीने पूर्ण ऐकलं. मग इअरफोन काढून ओनीच्या कानांत घातले. तो उभा होता, ऐकता ऐकता टेबलाची कड धरून खाली बसला. सायमी एवढी मोठ्याने हसली की वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. वाचनालयात तिला कुणी गप्प केलं नाही.

आर्वोला तिने फोनवर दोनच शब्द सांगितले, "आई सापडली." पलीकडे आर्वोने ट्रॅक्टर बंद केला. मग तो म्हणाला, "युहानसलाच ऐकेन. सगळ्यांबरोबर. एकट्याने नको."

युहानसच्या दिवशी सभागृहाच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लांबलांबच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या होत्या. मोठमोठ्या किटल्यांतून कॉफी वाहत होती. ओनीने कर्णे खांबांवर स्वतः चढून बांधले आणि खाली कुणालाही हात लावू देत नव्हता. संध्याकाळच्या सुमाराला सायमीने सुरुवात केली. एकेक हाक मैदानावरून झाडांपर्यंत जायची आणि गर्दीत कुठेतरी कुणीतरी "ही आमची!" म्हणून ओरडायचं. त्या भांडणाऱ्या तिघी बहिणीही आल्या होत्या. त्यांच्या आईची हाक काही मिळाली नव्हती, पण मावशीची होती, आणि ती ऐकून तिघींनी एकमेकींचे हात धरले. मिनेसोटाहून आलेला एक पोक्त माणूस आपल्या आजीची हाक तीनदा लावायला सांगून तिन्ही वेळा रडला.

तो डोळे पुसत ओनीजवळ आला. "हे एवढं सगळं तुम्ही जपून ठेवलंत?"

ओनी हार्जू आठवड्याला जेवढे शब्द बोलतो तेवढे तो एका दमात बोलला, आणि तेही सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "मी जे जपलं ते साउनात शिजलं. हे तिने जपलं, माझ्या नाकावर टिच्चून. ही माझी बायको!"

लोक हसले, टोप्या उडाल्या. सायमीचे कान लाल झाले आणि तिला ते आवडलं. इतकी वर्षं तिचंच बरोबर होतं, हे गावाला ठाऊक होतं. आज ते ओनीच्या तोंडून निघालं, हे सगळ्या हाकांहून तिला गोड वाटलं.

"आता शेवटची," ती म्हणाली. "हिल्मा मुम्मू."

गर्दी आपोआप शांत झाली. आर्वो मागे, रस्त्याच्या कडेला एकटा उभा होता. रस्त्यापलीकडे त्याचंच कुरण, आणि कुरणाच्या टोकाला, झाडांच्या सावलीत, गाई बसल्या होत्या.

कर्ण्यांतून खिडकीची कडी वाजली.

"प्त्रूऽऽई, प्त्रूऽऽई! तुलेऽऽ, तुलेऽऽ, हुऽई!"

आवाज खणखणीत होता. सत्त्याण्णव वर्षांच्या बाईचा वाटतच नव्हता. सुरुवातीला खाली, मग एकदम वर उडी, आणि शेवट असा लांबवलेला की ऐकणाऱ्याचाच दम संपावा. "तुले" म्हणजे ये. बस, ये.

झाडाखाली एक काळी-पांढरी गाय उठली. मग दुसरी. तीन महिने हॉर्नला रेंगाळत येणाऱ्या त्या गाई आता धावत सुटल्या. सगळ्या. आचळं हेलकावत, शेपट्या वर, जमीन दणाणत. लोक ओरडले, पोरं टेबलांवर चढली. कुंपणाशी येऊन गाई थांबतील असं सगळ्यांना वाटलं. त्या थांबल्या नाहीत. पहिलीने छातीने फळी तोडली, बाकीच्या रस्ता ओलांडून मैदानात घुसल्या, कॉफीचं एक टेबल आडवं झालं, आणि अख्खा कळप खांबावरच्या कर्ण्याखाली येऊन उभा राहिला. माना वर करून. वाट बघत.

कर्णा आता गप्प होता. कळपातल्या म्हाताऱ्या गाईने खांबाला नाक लावलं आणि हंबरली. मग इकडे तिकडे पाहिलं. मुम्मू कुठेच नव्हती.

सायमीने आर्वोकडे पाहिलं. तो गर्दीतून वाट काढत पुढे येत होता. आता हॉर्न वाजवायला पिकअपकडे जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही. म्हाताऱ्या गाईच्या मानेवर हात ठेवून तो उभा राहिला. त्याने मान खाली घातली.

मग आर्वोने तोंड वर केलं आणि आईची हाक मारली. आधी फाटकी, मग पूर्ण. खाली, एकदम वर, आणि शेवटी लांबच लांब. गाईंचे कान त्याच्याकडे वळले. तो वळून चालू लागला आणि अख्खा कळप, एकही मागे न राहता, त्याच्या मागोमाग घराकडे निघाला. रस्ता ओलांडून, मोडक्या कुंपणातून, उतारावरून खाली गोठ्यापर्यंत त्याची हाक ऐकू येत राहिली, आणि आता ती थांबायची काही चिन्हं नव्हती.